कम्युनिटी कॉलेजला कमी लेखू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या शिक्षणावरचा लेख नणंदबाईंनी घरच्या ग्रुपवर टाकला, वर ‘वहिनी, वाच’ असं लिहून. ‘कुठेच प्रवेश मिळाला नाही की मुलं कम्युनिटी कॉलेजला जातात, ती म्हणजे तिकडची आयटीआयच’ हे वाक्य वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. म्हणून हे पत्र.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे इथलं कमी फीचं, दोन वर्षांचं सरकारी कॉलेज; तिथून पुढे विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाता येतं. माझा मुलगा अशाच कॉलेजात शिकला. मीही शिकले.

२०१६ मध्ये त्याची हायस्कूलची परीक्षा झाली तेव्हा दोन विद्यापीठांची प्रवेशपत्रं घरात होती. आम्ही तिघांनी बसून हिशेब मांडला. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला (म्हणजे अभ्यासक्रम मोजायच्या एककाला) ४६ डॉलर. १५ युनिट घेतली तर सत्राला ६९० डॉलर. कॅलिफोर्निया विद्यापीठात तेव्हा नुसती फीच वर्षाला १२ हजार डॉलरच्या वर होती, राहणं-खाणं वेगळं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत जे शिकायचं असतं, म्हणजे कॅल्क्युलस, फिजिक्स, स्टॅटिक्स, सर्किट्स, ते इथेही शिकवतात. वर्गात तीस-पस्तीस मुलं, आणि वही तपासणारा माणूस शिकवणाराच. मुलाने दोन वर्षं काढली आणि त्याच विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला गेला.

मधल्या डिसेंबरात आम्ही भाचीच्या साखरपुड्याला पुण्याला आलो होतो. नणंदबाई व्याह्यांना सांगत होत्या, ‘हा तिकडे युनिव्हर्सिटीत आहे.’ मुलगा सरळ म्हणाला, ‘नाही आत्या, कम्युनिटी कॉलेजला.’ नंतर स्वयंपाकघरात त्या मला म्हणाल्या, ‘चारचौघांत सांगायची काय गरज होती?’ मुलगा पाण्याचा जग भरायला आला होता, दारातच उभा होता. त्याने ते ऐकलं. पंगतीला बसला, पण जिलबीला हातही लावला नाही. १८ वर्षांच्या पोराने आईबापाचे पैसे वाचवले आणि त्यालाच मान खाली घालायला लावली. तुमच्या लेखाने काल तेच पुन्हा केलं, फक्त हजारो घरांत एकाच वेळी.

आता माझं. सांगलीला बी.एस्सी. झाले होते, इंग्रजी वाचता येत होतं. पण इथे आल्यावर दातांच्या दवाखान्यात फोन करून वेळ घेता येईना, पलीकडची बाई ‘पार्डन?’ म्हणाली की मी फोन ठेवून द्यायचे. कम्युनिटी कॉलेजात नॉन-क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी न मोजल्या जाणाऱ्या, इंग्रजीच्या वर्गाला फी नाही असं शेजारणीने सांगितलं. बाईंनी पहिल्या आठवड्यात प्रत्येकीच्या हातात आरसा दिला. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, ‘वेस्ट’ म्हणताना ओठांचा चंबू. आपला ‘व’ या दोन्हींच्या मधला, हे मला चाळिशीत कळलं.

शेजारच्या बाकावर एल साल्वादोरचे एक गृहस्थ बसायचे. त्याच कॉलेजात ते पाणीपुरवठ्याचा कोर्स करत होते, कारण इथे जलशुद्धीकरण केंद्र चालवायला राज्याचं प्रमाणपत्र लागतं. क्लोरीनचा हिशेब त्यांना जड जायचा. रोजचं पाणी दशलक्ष गॅलनमध्ये, गुणिले लिटरला किती मिलिग्रॅम क्लोरीन, गुणिले ८.३४ (एक गॅलन पाण्याचं पौंडातलं वजन), की दिवसाला किती पौंड क्लोरीन लागेल ते निघतं. मी त्यांना गणितं सोडवून दाखवायचे, ते माझ्याशी इंग्रजीत बोलत राहायचे. ते परीक्षा पास झाले. गावाला प्यायला स्वच्छ पाणी देणारा हा माणूस ‘कुठेच प्रवेश न मिळालेला’ म्हणायचा का?

सगळं उत्तम आहे असं मी म्हणत नाही. माझा पुढच्या पातळीचा संध्याकाळचा वर्ग पट भरला नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात रद्द झाला. त्या वर्गासाठी मी कामाची पाळी बदलून घेतली होती. पुष्कळ मुलांना दोनाची तीन-चार वर्षं लागतात, काही मध्येच सोडतात. भारतातून थेट येणाऱ्याला फीही कितीतरी पट पडते. हे लिहा ना! पालकांना ते कळायलाच हवं.

आणि आयटीआय ही शिवी कधीपासून झाली? माझे वडील सांगलीच्या आयटीआयचे टर्नर. लेथवरून उतरवलेला तुकडा ते आधी बोटाने चाचपायचे, मग व्हर्नियर लावायचे, आणि बहुतेक वेळा बोटाचा अंदाज बरोबर निघायचा. त्या पगारावर आम्ही तीन भावंडं शिकलो. लेख लिहिणाऱ्यांनी एकदा कारखान्यात उभं राहून पाहावं.

पुढच्या रविवारी निदान एवढं छापा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सहा कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना ठरलेले विषय आणि गुण असतील तर प्रवेशाची हमी देतात : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. सगळ्याच शाखांना ही हमी नाही, तेही सोबत छापा. ज्यांचे भाऊ-बहिणी इथे आहेत, त्यांची मुलं यंदा अर्ज भरत असतील.

आपली,
एक वाचक, फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया (मूळ सांगली)