विषय : कंट्रोलर डावीकडं पळतोय आणि तुम्ही मला हुबळीला पळवताय

मॅनेजर साहेब,

तुमच्या टोल फ्री नंबरवरचा फोन आत्ताच ठेवलाय, डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळं नमस्कार-चमत्कार राहू दे. तक्रार नंबर तुमच्याकडं आहेच, एक नाही, ढिगानं आहेत, कारण दर फोनला मागची तक्रार आपोआप "रिझॉल्व्ह" होते आणि नवीन नंबर मिळतो. कोण रिझॉल्व्ह करतंय बघा जरा, मला त्याचा सत्कार करायचाय.

माल कुठला ते सांगायला नको, तुमचीच वायरलेस जोडी, दोन गेम कंट्रोलरचा कॉम्बो. बॉक्सवर मोठ्या अक्षरात हॉल इफेक्ट, म्हणजे चुंबकावर चालणारा, न घासणारा सेन्सर, आणि खाली बारीक अक्षरात की ते फक्त ट्रिगरला, स्टिकला नाही. स्टिकमध्ये तेच जुनं घासून झिजणारं पोटेन्शिओमीटर. हे तुम्हाला माहीत आहे, आता मलाही माहीत झालंय. जोडीतल्या एका कंट्रोलरची डावी स्टिक अर्धा तास खेळलं की स्वतःहून डावीकडं जाते. विंडोजमध्ये कंट्रोलर तपासायची जॉय डॉट सीपीएल खिडकी उघडून बघितली, कंट्रोलर टेबलावर ठेवलाय, कुणाचा हात नाही, आणि ते अधिकचं चिन्ह चौकोनाच्या मध्यातून सरकत सरकत डावीकडं जाऊन थरथरत बसतंय. व्हिडिओ काढून पाठवलाय. "व्हिडिओ क्लिअर नाही" असं उत्तर आलं. परत पाठवला. उत्तर नाही.

आता हे एवढं काय मोठं, असं तुमच्या लोकांना वाटतंय म्हणून सांगतो. आम्ही चौघं शनिवारी रात्री माडीवर टीव्हीला पीसी जोडून ब्रोफोर्स खेळतो, दोघांकडं तुमचे कंट्रोलर, एकाकडं त्याचा जुना वायरवाला, चौथा कीबोर्डवर. त्या गेममध्ये हेल्थ बार नसतो ओ, एक गोळी लागली की खेळ खलास, वर पायाखालची जमीन पण फुटते, एकानं पूल उडवला की बाकीचे तिघं खाली. मेलेला गडी परत आणायचा तर पिंजऱ्यातला कैदी सोडवायला लागतो. आता विचार करा, तिघं मेलेत, एकटा उरलाय, कैदी हाताच्या अंतरावर, आणि तेवढ्यात तुमची स्टिक त्याला शांतपणे डावीकडं चालवत नेते आणि दरीत सोडते. माझ्या मामाचा पोरगा ओरडतो, "आरं कुठं चाललास, कैदी हिकडं हाय की!" आणि मी दोन्ही हात वर करून दाखवतो की बाबा मी काहीच करत नाही, हा आपोआप चाललाय. आता ग्रुपमध्ये माझं नावच "आपोआप" पडलंय.

डेडझोन, म्हणजे स्टिक मध्याजवळ जेवढी हलली तरी गेमनं दुर्लक्ष करायचं ते अंतर, वाढवा म्हणून तुमच्या माणसानं सांगितलं. वाढवला. मग आपोआप सरकणं थांबलं आणि गडी पण थांबला, स्टिक पार कडेपर्यंत ढकलल्याशिवाय हलतच नाही, आणि ह्या गेममध्ये तर अर्धं पाऊल मागं सरकून गोळी चुकवायची असते. लहानपणी टीव्ही गेमच्या कॅसेटवर आम्ही कॉन्ट्रा खेळायचो, तिथंही एक गोळी आणि खेळ खलास, वर वर डाऊन डाऊन वालं ३० लाइफचं कोड मारून बसायचो. तो बाजारातला स्वस्तातला पॅड, पोरांनी आपटून आपटून त्याचं बटण आत गेलं तरी गडी डावीकडं म्हटलं की डावीकडं आणि थांब म्हटलं की थांब. तुमच्या ह्या एवढ्या महागाच्या वस्तूला थांब कळत नाही.

बरं आता मुख्य गोष्ट. मी निपाणीचा. माल घेतला कोल्हापुरात, बिल कोल्हापूरचं, तुमचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात, कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की तासाभरात पोचतो. पण तुमच्या सिस्टीमनं मला हुबळी दिलंय, जे आमच्यापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. कुरिअरनं एकदा पाठवून बघितला, जायचे पैसे माझे, यायचे पैसे माझे, आणि परत आला तो "नो फॉल्ट फाउंड" अशी चिठ्ठी घेऊन. अर्धा तास खेळल्यावर होतंय हे फॉर्मवर लिहिलं होतं, वाचलं कुणी?

म्हणून आज परत फोन केला. मराठीसाठीचा आकडा दाबला, बाईंनी छान मराठीत पिनकोड विचारला. ५९१२३७ सांगितला.

"सर, हा कर्नाटकचा येतोय."

म्हटलं हो, कर्नाटकातच आहे.

"मग तुम्ही कन्नडसाठीचा ऑप्शन घ्यायला हवा होता सर."

म्हटलं मॅडम, तुम्हाला मराठी येतं, मला मराठी येतं, आपलं बोलणं चाललंय की व्यवस्थित. तर म्हणे मराठी लाइन महाराष्ट्र झोनची आहे. बरं, मग कोल्हापूर सेंटरला लावून द्या. ते पण महाराष्ट्र झोन, कर्नाटकचा पिनकोड चालत नाही. म्हटलं बिल कोल्हापूरचंच आहे. मग होल्ड. होल्डवर तुमची ती जाहिरातीची धून, "मित्रांसोबत खेळा बिनधास्त". मी ऐकत बसलो. परत आल्या, म्हणाल्या एखाद्या नातेवाईकाचा महाराष्ट्रातला पत्ता द्या सर. आत्याचा कागलचा दिला. टाइप केला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "आता बिलावरचा पत्ता मॅच होत नाही. सर, तुम्ही नक्की कुठल्या राज्यात आहात?"

साहेब, हा प्रश्न आमच्या भागात १९५६ पासून चालू आहे. २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आमच्या गावचं देवचंद कॉलेज सुद्धा अर्जुननगरला, कोल्हापूर जिल्ह्यात, घरातनं चालत जाऊन पोरं परराज्यात शिकून दुपारी जेवायला घरी येतात. आणि तुम्ही त्याचा निकाल एका स्टिकच्या वॉरंटीसाठी फोनवर मागताय! मी काहीच बोललो नाही, तर त्या म्हणाल्या, "तोपर्यंत एकाच कंट्रोलरवर खेळा ना सर, गेमच तर आहे." जोडी विकताना गेमच तर आहे असं कुठं लिहिलं नव्हतं. एकट्यानंच खेळायचं होतं तर जोडी कशाला घेऊ मी?

त्या बाईंवर राग नाही, स्क्रीनवर दिसतंय तेच त्या बोलणार. स्क्रीन कुणी बनवली तो माणूस मला पाहिजे. तुमच्याच कंपनीचा माउस आमच्या दुकानात वर्षानुवर्षं तंबाखूच्या धुळीत चाललाय म्हणून विश्वासानं हे घेतलं होतं, आता ग्रुपवर कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवलंय.

कोल्हापूर सेंटरला जमा करून घ्या, किंवा घरनं पिकअप करून बदलून द्या, कुरिअरचे दोन्हीकडचे पैसे परत करा. पंधरा दिवस बघीन. नंतर आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला तक्रार आणि मग बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्यात गिऱ्हाईक राहतो तिथंच केस घालता येते आणि एवढ्या किमतीच्या मालाला फी पण नाही, म्हणजे ह्या वेळी येण्याजाण्याचा खर्च तुमचा. उत्तर मेलवरच द्या, फोन नको.

ता.क. : जोडीतला दुसरा कंट्रोलर चांगला चालतोय. "कॉम्बो आहे, दोन्ही पाठवा" असं परत सांगू नका, तो मी देणार नाही, शनिवारी लागतोय.