देवळाच्या भिंतीवरची रेघ

डेल्फ्ट, नेदरलँड्स
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, पाडव्याच्या आत मारुतीच्या देवळाला रंग द्यायचं ठरलंय, वर्गणी जमत आलीय. मी नुसतं "हां, हां" केलं. फोन ठेवला अन् मग झोप लागली नाही. म्हणून आधी तेवढंच सांगतो : मी येईपर्यंत देवळाच्या नदीकडच्या भिंतीला कुणाला हात लावू देऊ नकोस. का ते पुढं येईल. बैजवार सांगायचं म्हणूनच कागद घेतलाय. फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवीन, तू आण्णांना वाचून दाखव.

इथली आवराआवर होत आली. शनिवारी निघतो. इथला एक इंजिनिअर आपल्या संस्थेत अन् मी इकडं, अशी अदलाबदल ठरली तेव्हा सहा महिने म्हणजे केवढे वाटले होते. सायकल खालच्या मजल्यावरच्या पोराला दिली. गाव सोडून चाललो अशी नगरपालिकेत नोंद करावी लागते, तीही निघायच्या आधीच्या पाच दिवसांतच. ते काम बुधवारी. इथं निरोपाच्या दिवशी जाणाऱ्यानंच सगळ्यांना खाऊ घालायचं असतं. मी शेंगदाण्याचे लाडू वळले. गूळ हिंडून हिंडून मिळवला. एकही लाडू उरला नाही.

जड गेलं ते पंपघराची किल्ली परत देणं.

पोल्डर म्हणजे काय ते तुला मागं सांगितलं होतं. बांध घालून, पाणी उपसून कोरडी केलेली खोलगट जमीन. शेत खाली आणि कालवा वर, असं उलटं सगळं. पावसाचं पाणी आपोआप वाहून जाईल कुठं? ते पंपानं वर चढवावं लागतं, कालव्यात, तिथून नदीत नाहीतर समुद्रात. शेकडो वर्षं हे काम पवनचक्क्यांनी केलं. संभाजीनगरच्या पाणचक्कीत पाण्याच्या जोरावर पीठ दळायचे, इथं वाऱ्याच्या जोरावर पाणी उपसायचे. किंडरडाइकला अशा १९ चक्क्या अजून उभ्या आहेत. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला शाळेच्या सहलीत आपण दोघं पाणचक्कीच्या हौदाशी बसून दशम्या खाल्ल्या होत्या, ते आठवलं.

आता पंप विजेवर चालतात आणि पाण्याची पातळी मोबाईलवर दिसते. तरी आमचे पंपवाले काका, साठीचा माणूस, रोज सकाळी आधी पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहायचे. तिथं पाण्यात एक पांढरी पट्टी उभी आहे, त्यावर काळे आकडे. आकडे सगळे उण्याचे, कारण जमीनच समुद्राच्या खाली. ते वाकून आकडा वाचणार, वहीत लिहिणार, मग पंपाच्या तोंडाशी लोखंडी गजांना अडकलेलं शेवाळ, काड्या, बाटल्या बघणार आणि मग आत जाणार. दुसऱ्या महिन्यापासून वही त्यांनी माझ्याकडं दिली. शेवटच्या दिवशी मी आकडा लिहिला, तारीख घातली आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. ते काही बोलले नाहीत. वहीतली माझी पहिली नोंद काढून दाखवली, ऑक्टोबरातली. अक्षर किती वेडंवाकडं होतं!

या आकड्यांचा शून्य अ‍ॅमस्टरडॅमला आहे, दत्ता. एका इमारतीत खाली पितळी खुंटी बसवलीय, तो सगळ्या देशाचा शून्य. हात लावून बघितली. शेजारी काचेच्या नळकांड्यांत पाणी ठेवलंय. दोहोंत आत्ता समुद्र किती वर आहे ते दिसतं. तिसऱ्यात १९५३ च्या पुराची उंची, शून्याच्या वर ४.५५ मीटर. मान वर करून बघावं लागतं.

तो पूर ३१ जानेवारी अन् १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री आला. वादळानं समुद्र फुगला, बांध फुटले आणि या एका देशात १,८३६ माणसं गेली. पंधरवड्यापूर्वी मी औवरकेर्कला जाऊन आलो. शेवटचं भगदाड बुजवायला काँक्रीटच्या चार अजस्र पेट्या तिथं पाण्यात बसवल्या होत्या, त्या पेट्यांमध्येच आता संग्रहालय आहे. आत अंधारात वाळूवर उजेडानं एकेक नाव उमटतं आणि जातं. नावं १,८३५ आणि वर एक. तो एक म्हणजे त्याच रात्री जन्मलेलं आणि त्याच रात्री बुडालेलं लेकरू. मी तिथं बराच वेळ बसलो आणि मला सारखा तुझा नवरात्रातला फोन ऐकू येत होता.

तुला हे कधी सांगितलं नाही. इथं रात्रीचे साडेदहा, म्हणजे तिकडं दोन वाजले होते. "पाणी देवळाच्या ओट्याला लागलंय," एवढं म्हणालास आणि फोन गेला. पुढं दोन दिवस लागलाच नाही. मला येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. मी दिवसा ज्या टेबलावर बसायचो तिथं पुराचे असे नकाशे होते, की कुठल्या बांधाला काय झालं तर कुठल्या गल्लीत किती पाणी येईल ते आधीच कळावं. आणि आपल्या गावात कुणाच्या घरात किती पाणी शिरलंय ते मला कळत नव्हतं. मग कळलं, तुझं नदीकाठचं दोन एकर खरडून गेलं. काढायला आलेलं सोयाबीन गेलं, त्याहून वाईट म्हणजे माती गेली, खालचा मुरूम उघडा पडला. मी तिथं नव्हतो. येळवसेला, शेतातल्या अमावस्येच्या पूजेलाही नव्हतो, पण तू म्हणालास की यंदा कडब्याची कोप केलीच नाही, तेव्हा माझ्यानं पुढं बोलवलं नाही.

आणि ही तीच आपली मांजरा नदी. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा धनेगावच्या धरणाच्या तळात आपण चालत गेलो होतो. चिखलाच्या भेगांत तुझा पाय अडकला होता. मी हे इथं सांगितलं तर लोकांना आधी खरं वाटेना. मग एकानं मला २००३ ची गोष्ट सांगितली. विल्निसला ऑगस्टात बांध फुटला, तो पुरानं नाही, दुष्काळानं. पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीचा बांध उन्हाळ्यात वाळून हलका झाला आणि सरकला. त्यानंतर ही माणसं कोरड्या उन्हाळ्यातही बांधावरून चालत भेगा बघत जातात.

पैसा, पंप, दरवाजे यांच्याकडं आहेत, आपल्याकडं नाहीत. ते मी येताना आणणार नाही. पण पाण्याचा कारभार बघणाऱ्या यांच्या मंडळांतलं एक १२५५ पासून चालू आहे, आज अशी २१ आहेत, लोक त्यांचा वेगळा कर भरतात आणि दर चार वर्षांनी त्यांच्यासाठी वेगळं मत देतात. आपल्या दारच्या पाण्याचा आकडा माणसाला ठाऊक असतो. आपल्या गावात विहीर किती हात भरलीय ते कुणी लिहून ठेवलंय का? पूर कुठवर आला ते तरी?

लिहिलंय ते फक्त त्या भिंतीवर. दिवाळीत तू फोटो पाठवलास, तुझी धाकटी देवळाच्या भिंतीशी उभी आहे आणि गाळाची रेघ तिच्या डोक्याच्या वीतभर वर. तो फोटो मी इथं पंपवाल्या काकांना दाखवला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ही रेघ मोजून ठेवली का?" रंगाचा एक हात बसला की ती रेघ गेली बघ. पुढच्या पाच-दहा वर्षांत नदीच्या बाजूला कुणी घर बांधायला काढलं, तर त्याला काय दाखवणार?

मला कळतं, ती रेघ रोज बघणं तुला सोपं नाही. वहिनींनी तर तिकडून जाणंच सोडलंय म्हणालास. म्हणून सगळी गाळाची रेघ ठेवा असं म्हणत नाही. भिंत खुशाल रंगवा. फक्त कोपऱ्यातल्या काळ्या दगडावर पाथरवटाकडून बोटभर रेघ कोरून घेऊ, खाली महिना आणि वर्ष. तुझ्या विहिरीतही एक पट्टी रंगवू, दर अमावस्येला आकडा लिहायचा. वही मी इथून आणतोय, काकांनी दिलीय, कोरी आहे.

आण्णांना तेवढं विचारून ठेव, त्यांच्या लहानपणीचा पूर देवळाच्या कितव्या पायरीला लागला होता. आठवत असेल तर तीही खूण करू.

सोमवारी रात्री मुंबईहून लातूर एक्स्प्रेस धरतो, मंगळवारी पहाटे धाराशिवला उतरेन. मोटरसायकल घेऊन ये. आधी देवळात जाऊ, मग घरी.

तुझाच,
बाळू