बाळाच्या बेंबीतून आलेल्या रक्ताची नोंद हवी

महोदय,

मेंदूतील रक्तस्रावाविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. वाढलेला रक्तदाब, तंबाखू आणि दारू ही कारणे त्यात नेमकेपणाने सांगितली आहेत आणि मोठ्या माणसांच्या बाबतीत ते योग्यच आहे. परंतु वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होतो, तेव्हा कारणाचा शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो, आणि काही मुलांत ते कारण आई-वडिलांकडून जनुकांतून आलेले असते. अशा कारणांपैकी एकाविषयी, म्हणजे रक्त गोठण्यास लागणाऱ्या ‘फॅक्टर तेरा’ या रक्तातील प्रथिनाच्या कमतरतेविषयी, मला लिहायचे आहे. माझी सारी नोकरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त गोठण्याच्या तपासण्या करण्यात गेली, आणि हा दोष आपल्याकडे किती सहज नजरेतून सुटतो हे मी जवळून पाहिले आहे.

रक्त गोठताना फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार होतात. फॅक्टर तेरा हे धागे एकमेकांना पक्के जोडतो. तो नसला तरी गुठळी वेळेवर होते. ती टिकत मात्र नाही. म्हणून अशा मुलाला लागले की रक्त थांबते, घरचे निर्धास्त होतात आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाहू लागते. हा आजार फार दुर्मीळ, साधारण वीस ते तीस लाखांत एकाला होणारा. पण उपचार न मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी मेंदूत रक्तस्राव होतो, आणि तो पुष्कळदा किरकोळ पडण्याने किंवा काहीही न लागताही होतो. रक्तस्रावाच्या इतर आनुवंशिक आजारांत हे प्रमाण इतके क्वचितच आढळते.

अडचण अशी की रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या नेहमीच्या दोन तपासण्या, पीटी आणि एपीटीटी, या मुलांत अगदी नॉर्मल येतात. हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याच्या अधिक परिचित आनुवंशिक आजाराचा, संशय एपीटीटी वाढलेली दिसताच येतो. इथे कागदावर काहीच दिसत नाही. ‘रिपोर्ट चांगले आहेत’ म्हटल्यावर शोध थांबतो आणि घरी दोष बहुधा आईच्या माथी येतो, की तुझे लक्ष नव्हते म्हणून मूल पडले. वास्तविक तपासणी साधी आहे. रुग्णाच्या प्लाझ्माची, म्हणजे रक्तातील द्रव भागाची, गुठळी करून ती युरियाच्या तीव्र द्रावणात, ३७ अंश तापमानाला ठेवायची. निरोगी माणसाची गुठळी दुसऱ्या दिवशीही नळीत तशीच असते. एका बाळाच्या नमुन्यात मी ती कडेने पातळ होत, तासाभरात पूर्ण विरघळून गेलेली पाहिली. शेजारच्या नळीतली तुलनेसाठी ठेवलेली गुठळी जशीच्या तशी होती. त्यानंतर आजीला पुन्हा विचारले, तेव्हा तिने सांगितले की याच्या थोरल्या भावाच्या बेंबीतून नाळ गळताना कितीतरी दिवस रक्त येत होते आणि तो पुढे डोक्यात रक्त होऊनच गेला. हे तोवर कोणी विचारलेच नव्हते. या तपासणीत केवळ तीव्र कमतरता कळते, हे खरे. पण मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मुख्यतः तिच्यातच असतो. आणखी एक गोष्ट तरुण डॉक्टरांनी ध्यानात ठेवावी: नमुना रक्त किंवा प्लाझ्मा चढवण्याआधी घ्यावा, नाहीतर दात्याकडून आलेला फॅक्टर तेरा दोष झाकून टाकतो.

बेंबीतून रक्त येणे हे या आजाराचे सर्वांत बोलके लक्षण आहे. तीव्र कमतरता असलेल्या सुमारे ८० टक्के बाळांत ते दिसते. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले तरच आजार होतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता चारात एक असते. आत्याने भाची सून करून आणण्याची रीत दक्षिण महाराष्ट्रात अनेक घरांत आहे, त्यामुळे दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. ही नाती जोडणाऱ्यांना दोष देण्यात काही हशील नाही; त्यांना प्रश्न विचारले गेले पाहिजेत. याच कमतरतेमुळे स्त्रियांत वारंवार गर्भपात होतात, तेही त्या प्रश्नांत असावे.

निदान झाले की उपाय हाताशी आहे. फॅक्टर तेरा शरीरात बरेच दिवस टिकतो आणि त्याची थोडी पातळीही पुरते, म्हणून साधारण महिन्यातून एकदा तो देऊन मेंदूतील रक्तस्राव टाळता येतो. शुद्ध औषध महाग असून सहज मिळत नाही, पण रक्तपेढीतील क्रायोप्रेसिपिटेटमधूनही, म्हणजे दात्याच्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या घटकातूनही, तो मिळतो. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा आजारांच्या खास तपासण्या होतात.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी पहिल्या सहा आठवड्यांत अनेकदा जातात आणि बाळाची बेंबी पाहतात. तेथे रक्त आले का, किती दिवस, आणि आधीच्या भावंडाला असे झाले होते का, याची नोंद आरोग्य विभागाने करून घ्यावी. दुसरी विनंती कायद्यापुरती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाची व्याख्या ‘बहुधा पुरुषांनाच होणारा’ अशी आहे. फॅक्टर तेराची कमतरता मुलींना मुलांइतकीच होते. या व्याख्येमुळे अशा मुलीच्या आईवडिलांना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालावे लागू नयेत, यासाठी व्याख्येत इतर फॅक्टरांच्या कमतरतेचा स्पष्ट उल्लेख करावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली