आजारी बाईचे ऐकतो कोण?

महोदय,

दक्षिण कोरियन लेखिका हान कांग यांना २०२४ चे साहित्याचे नोबेल मिळाल्यापासून त्यांच्या ‘द व्हेजिटेरियन’ या कादंबरीविषयी बरेच बोलले जाते, पण बहुतेक वेळा शाकाहाराच्या अंगाने. मला ते पटत नाही. नायिका यंगहे मांस नाकारते तेव्हा बाप सगळ्यांदेखत तिला थोबाडीत मारून तोंडात घास कोंबतो. पुढे इस्पितळात नाकातून नळी घालून अन्न भरवण्याची जबरदस्ती होते. तिच्या शरीरावर सगळ्यांचा हक्क, फक्त तिचा नाही. तिची कहाणीही उलगडते ती नवरा, बहिणीचा नवरा आणि बहीण यांच्या नजरेतून. तिच्या वाट्याला उरतात स्वप्नांचे काही तुकडे.

चिनी लेखिका शिआओ होंग यांनी १९३५ मध्येच ‘द फील्ड ऑफ लाइफ अँड डेथ’ या कादंबरीमध्ये हे दुखणे नेमके पकडले होते. गावातली सर्वांत देखणी युएयिंग लुळी पडते. नवरा तिची पांघरुणे काढून घेतो, टेकायला भोवती विटा रचतो. शेजारणी तिला धुवायला येतात तेव्हा अंगात किडे पडलेले असतात. हे वाचणे असह्य होते, पण लेखिका नजर वळवत नाही.

दुसऱ्या चिनी लेखिका डिंग लिंग यांची क्षयरोगी सोफी मात्र १९२८ च्या कथेत डायरीतून स्वतःच बोलते: चिडते, रडते, पुरुषाची उघड अभिलाषा धरते. आजारी बाईला सहानुभूतीपलीकडेही काही हवे असते, हे तिथे ठणकावून सांगितले आहे.

हान कांगवर भरभरून लिहिणाऱ्या आपल्या पुरवणीत या दोघींवरही लेख यावेत, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर