श्वासपटलाची मोजमापे: आकड्यासोबत स्थितीही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मानेला किंवा खांद्याला मार लागून श्वासाची नस दुखावलेल्या रुग्णांच्या तपासणीत एक साधी, पण महागात पडणारी उणीव राहून जाते: श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याचे, माप रुग्णाच्या कोणत्या स्थितीत घेतले हे रिपोर्टात लिहिलेच जात नाही. तिच्याकडे डॉक्टरांचे, तपासणी केंद्रांचे आणि रुग्णांच्या घरच्यांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. कोल्हापुरात सत्तावीस वर्षे विज्ञान शिकवले आणि प्रयोगवहीत नुसता आकडा लिहून तो कोणत्या परिस्थितीत मोजला हे न लिहिणाऱ्या मुलांचे गुण कापत आलो. भावाच्या आजारपणात तीच चूक छापील रिपोर्टांत पाहावी लागली.

भाऊ गगनबावडा रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला, उजव्या खांद्यावर आपटला आणि मानेला जोराचा हिसका बसला. लुळा पडलेला हात अडीच-तीन महिन्यांत बराच सुधारला, मात्र आडवे पडले की त्याला धाप लागू लागली, आणि पंचगंगेच्या घाटावर छातीभर पाण्यात उतरताच श्वास कोंडला म्हणून तो तसाच माघारी फिरला. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९८. करोनापासून हा आकडा चांगला आला की सगळे निश्चिंत होतात. श्वासपटलाची एक बाजू धडधाकट असेल तर स्वस्थ बसलेल्या माणसात तो चांगलाच येतो, हे कोणी सांगत नाही. एका ठिकाणी दम्याचा पंप मिळाला, दुसरीकडे वजन कमी करण्याचा सल्ला. खोट प्रथम हेरली ती तालमीतल्या वस्तादांनी. भाऊ उताणा पडला असताना ते म्हणाले, "ह्याचं उजवं पोट श्वास घेताना आत जातंय, बाहेर यायला पाहिजे." लहानपणापासून कमावलेल्या मानेच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंनी श्वासपटलाचे काम अंगावर घेतले होते, म्हणून चालता-बोलताना काहीच जाणवत नव्हते.

श्वासपटलाला हुकूम देणारी फ्रेनिक नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंच्या मुळांपासून निघते, हृदयाच्या कडेने खाली उतरते आणि पटलाच्या आपापल्या अर्ध्या भागाला पोहोचते. मार, हृदयशस्त्रक्रिया, मानेतील गाठ, काही वेळा विषाणूसंसर्गानंतरचा दाह, अशी इजेची कारणे अनेक आहेत. नस नुसती बधिर झाली असेल तर काही आठवड्यांत पूर्ववत होते. तंतू तुटले, पण त्यांचे आवरण शाबूत राहिले, तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने नव्याने वाढतात. मानेपासून पटलापर्यंतचे अंतर फूटभराच्या आसपास धरले तर हिशेब दहा महिन्यांच्या घरात जातो. चौथ्या महिन्यात "काही फरक नाही" असे ऐकून आम्ही हादरलो होतो, तेव्हा हा साधा गुणाकार कोणी मांडून दाखवला असता तर निदान रात्रीची झोप तरी उडाली नसती.

पटल वर सरकले आहे एवढे एक्स-रे सांगतो. पण उजवी बाजू यकृतामुळे मुळातच थोडी उंच असते, आणि स्थिर चित्रावरून हालचाल कळत नाही. पडद्यावर हलते चित्र पाहत रुग्णाला तपकीर ओढल्यासारखा नाकाने झटक्यात श्वास घ्यायला लावतात. निरोगी बाजू खाली उतरते आणि लुळी बाजू उलट वर उचलली जाते. यातून लकवा दिसतो, सुधारणा किती झाली ते मात्र मापात येत नाही. मानेत विजेचा हलका झटका देऊन केलेली चाचणी नसेतून संदेश जातो की नाही ते सांगते. स्नायूच्या ताकदीचे सर्वांत नेमके माप म्हणजे नाकावाटे अन्ननलिकेत आणि जठरात फुगे असलेल्या नळ्या घालून मोजलेला दाब. पण दर तीन महिन्यांनी कोणाला त्यातून जायला लावायचे?

राहिली सोनोग्राफी. बरगड्यांच्या शेवटच्या फटींत, कुशीच्या बाजूला, दोन पांढऱ्या रेघांमध्ये एक करडी पट्टी दिसते. तेच श्वासपटल. शांतपणे श्वास सोडल्यावर तिची जाडी मोजायची, मग पूर्ण श्वास भरून पुन्हा मोजायची, आणि वाढीचे मूळ जाडीशी प्रमाण काढायचे. हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली असेल तर लकव्याची शंका घेतात. भावाची चौथ्या महिन्यातील मापे १.४ आणि १.५ मिलिमीटर होती, म्हणजे वाढ ७ टक्के. पण यंत्रावरची खूण ०.१ मिलिमीटरने इकडेतिकडे झाली तरी हेच ७ टक्के उगवतात किंवा मावळतात. लघुतम मापाइतका फरक म्हणजे फरकच नव्हे, हे मी नववीच्या वर्गात व्हर्निअर कॅलिपर हातात देऊन शिकवत असे. अकराव्या महिन्यात मापे १.७ आणि २.२ आली, वाढ २९ टक्के. हा फरक खुणेच्या चुकीत बसत नाही. त्यावर विश्वास ठेवता आला, कारण दोन्ही वेळा एकाच डॉक्टरीणबाईंनी, भावाला तशाच अर्धवट टेकून बसवून, त्याच फटीत मोजले होते आणि डाव्या बाजूची मापेही शेजारी लिहिली होती. पहिल्या वेळी त्यांनी कातडीवर पेनाने ठिपका केला आणि तो स्तनाग्रापासून किती अंतरावर आहे ते पट्टीने मोजून कागदावर उतरवले. मला त्या पट्टीचे फार कौतुक वाटले.

सोनोग्राफीच्या यंत्राची गरज नसलेली जोडतपासणी म्हणजे फुंकून करायची स्पायरोमेट्री, बसून आणि लगेच उताणे झोपून. निरोगी माणसाची फुंक आडवे झाल्यावर सहसा १० टक्क्यांपर्यंतच घटते. भावाची चौथ्या महिन्यात २.९ लिटरवरून २.२ वर आली, म्हणजे २४ टक्के घट. अकराव्या महिन्यात ३.३ वरून २.९, म्हणजे १२ टक्के. जादा वेळ पाच मिनिटांचा. तरी अनेक ठिकाणी बसूनच फुंकायला लावतात.

आता तक्रार. मधल्या काळात, म्हणजे सातव्या महिन्यात, डॉक्टरीणबाई रजेवर असल्याने दुसरीकडे केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात "उजव्या श्वासपटलाची हालचाल कमी" एवढेच वाक्य होते; रुग्ण बसला होता की झोपला होता, श्वास शांत होता की पूर्ण भरलेला, याचा पत्ता नाही. स्थिती बदलली की पोटातल्या अवयवांचा भार बदलतो आणि जाडी व हालचाल दोन्हीही वेगळी भरतात. त्या एका वाक्यावर सैल पटलाला चुण्या घालून शिवण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला होता. ती शस्त्रक्रिया काहींना खरोखर उपयोगी पडते, पण धाप असह्य नसेल तर नसेला पुरेसा अवधी देऊन, वर्षभर वाट पाहून ठरवण्याची ती गोष्ट आहे.

सोनोग्राफीचे यंत्र १९९४च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यामुळे नोंदणीच्या जागेबाहेर सहजासहजी नेता येत नाही, त्यामुळे फिजिओथेरपिस्टने रुग्णाच्या खाटेशी ते न्यावे असे मी म्हणणार नाही. सोनोग्राफी यंत्रांना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण, बसवलेल्या कोल्हापूर जिल्ह्याला तो कायदा का हवा, हे समजावून सांगण्याची गरज नाही. नोंदणी झालेल्या केंद्रांनीच रिपोर्टाच्या नमुन्यात चार रकाने वाढवावेत: रुग्णाची स्थिती, बरगड्यांची फट, श्वासाचा टप्पा आणि दुसऱ्या बाजूचे माप. त्याला नवे यंत्रही लागत नाही आणि परवानगीही.

भावाची मापे मी एका वहीत तारखेनुसार उतरवली आहेत. सातव्या महिन्याचा रकाना अजून कोरा आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर