गाडी उभी असतानाचे पैसे

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

तीन ट्रक कंपन्यांची ऑफर लेटरं पाठवलीस आणि खाली एवढंच लिहिलंस, "आई, यातली कुठली?" बाबांना विचारलंस तर ते अजूनही "चौथी, जिथे खुर्ची असते ती" असंच म्हणतील, म्हणून या पत्रातून त्यांना वगळलंय. सीडीएल, म्हणजे मोठे ट्रक चालवायचा परवाना, तुझ्या हातात आहे, निर्णय झालेला आहे. आता नीट ठिकाणी लागायचं, एवढंच बाकी आहे.

मी आयुष्यात कधी ट्रक चालवला नाही. पण स्टील वाहणाऱ्या कंपनीत ड्रायव्हर लोकांचे हिशेब करते, आणि दर शुक्रवारी कोण चिडून फोन करतं, कोण शांत असतं आणि कोण न सांगता नोकरी सोडून गेलेलं असतं, हे मला आधी कळतं. कंपनीची जाहिरात काय म्हणते ते बाजूला ठेव. मी तुला शुक्रवारचा कागद कसा वाचायचा ते सांगते.

दोन पत्रांत मैलामागचे सेंट ठळक छापलेत. फ्लॅटबेडमध्ये, म्हणजे उघड्या सपाट ट्रेलरच्या कामात, हा आकडा सर्वांत कमी सांगतो. बंद डब्याच्या ट्रेलरचा ड्रायव्हर दार लावतो, सील मारतो आणि निघतो. तुझं तसं नाही. समज, इंडियानात गॅरीच्या किंवा बर्न्स हार्बरच्या पोलादाच्या गिरणीतून कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, उचलायची आहे. फाटकावर रांग, मग आत रांग, मग क्रेन मोकळी होईपर्यंत थांबणं. कॉइल डेकवर बसली की साखळ्या, त्या आवळणारे बाइंडर, कडांवरची गार्डं, आणि माल भिजायचा नसेल तर वरून ताडपत्री. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत उतरून बांधणी तपासायची. त्यानंतर दर १५० मैलांनी, तीन तासांनी किंवा ड्यूटीची नोंद बदलेल तेव्हा, जे आधी येईल तेव्हा पुन्हा. हा कायदा आहे, शहाणपणाचा सल्ला नव्हे. पोचल्यावर सगळं सोडायचं, घड्या घालायच्या, परत रांग. यातल्या कशालाच मैल नाहीत.

आणि इथे ओव्हरटाइमचं नावही काढू नकोस. अमेरिकेच्या १९३८ च्या कामगार कायद्यातच राज्याराज्यांत माल नेणारे ड्रायव्हर ओव्हरटाइममधून वगळलेत, ते आजही तसेच आहेत. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हुंडेकऱ्याकडे दिवाणजी होते. तिथे हळदीची पोती चढवायला हमाल, ताडपत्री ओढायला क्लीनर, आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोणी द्यायची यावरून व्यापाऱ्याची आणि ट्रकवाल्याची रोजची वादावादी. महाराष्ट्रात १९६९ सालीच माथाडी कायदा झाला, हमालाच्या कष्टाला निदान कागदावर भाव मिळाला. इथे तू ड्रायव्हर, तूच क्लीनर, तूच हमाल, आणि वाराईचं काय ते ऑफर लेटरच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात असतं. असलं तर.

म्हणून हिशेब करून बघू. कंपन्या आणि आकडे मी कल्पलेले आहेत, पण बाजारातले वाटतील असे. पहिली कंपनी मैलाला ६२ सेंट देते, बाकी काही नाही. दुसरी ५५ सेंट देते, शिवाय ताडपत्रीचे ५० डॉलर, आणि दोन तासांपेक्षा जास्त थांबावं लागलं तर पुढच्या प्रत्येक तासाला २०. आता ३५० मैलांची एक खेप घे, ताडपत्रीची, चार तास खोळंबलेली. पहिलीचे होतात २१७ डॉलर. दुसरीचे मैलांचे १९२.५०, ताडपत्रीचे ५०, थांबल्याचे ४०, मिळून २८२.५०. अशा खेपांमध्ये खेप १,३०० मैलांच्या जवळ जाईपर्यंत पहिली कंपनी दुसरीला गाठू शकत नाही, आणि गॅरीहून डॅलससुद्धा हजार मैलांच्या आत आहे. अर्थात प्रत्येक लोडला ताडपत्री नसते, प्रत्येक ठिकाणी चार तास जात नाहीत. तसं काही नसेल तर ६२ वालीच पुढे. त्यामुळे रिक्रूटरला विचारायचं ते हे: तुमची सरासरी खेप किती मैलांची? दहांतल्या किती लोडना ताडपत्री लागते? थांबल्याचे पैसे ग्राहकाने दिले नाहीत तरी मला मिळतात का? तिसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो, त्याच्याकडे ते पैसे मिळत नाहीत असं समज.

मैल कुठले मोजता हेही विचार. काही ठिकाणी एका पोस्टल कोडपासून दुसऱ्या पोस्टल कोडपर्यंतचे, नकाशावरचे सर्वांत जवळचे मैल धरतात. तू प्रत्यक्ष चालवलेले त्याहून जास्त भरतात. तो फरक तुझ्या खिशातून जातो. याच एका गोष्टीवर मला वर्षभर फोन येतात.

तुझी ओहायोची कंपनी भाड्याच्या टक्केवारीवर पैसे देते. ते वाईट नाही, उलट चांगल्या दिवसांत मैलांपेक्षा बरं. पण टक्केवारी कशाची, ते भाड्याचा कागद दाखवतील तरच कळतं. "दाखवतो" असं तोंडी नको, करारात हवं. आणि भाडी पडली की तुझा पगारही त्याच आठवड्यात पडतो. पहिल्या वर्षी, अजून हात बसलेला नसताना, मला ते नको वाटतं.

आता पैशांपेक्षा मोठी गोष्ट. सीडीएलसाठी तू जे शिकलीस ते २०२२ च्या फेब्रुवारीपासून सगळ्यांना सक्तीचं झालेलं प्राथमिक शिक्षण. त्यात ट्रक वळवायला, मागे घ्यायला शिकवतात. चाळीस हजार पौंडांची कॉइल बांधायला हात बसेपर्यंत कोणी शिकवत नाही. नियम साधा दिसतो: बांधणीची एकूण ताकद मालाच्या वजनाच्या निदान निम्मी हवी. चाळीस हजारांना वीस हजार. ३/८ इंची ग्रेड ७० च्या साखळीची ताकद ६,६०० पौंड. तीन साखळ्या म्हणजे १९,८००. फक्त दोनशे पौंड कमी, म्हणून चौथी लागतेच. पण ही गणितं पाठ असून भागत नाही. कॉइलचं भोक आकाशाकडे आहे, पुढे-मागे आहे की आडवं, यावर साखळ्या कुठून घालायच्या ते ठरतं. आडवी ठेवलेली कॉइल सुटली तर पुढे घरंगळते, आणि पुढे तू बसलेली असतेस. अशा कॉइलच्या भोकातून साखळ्या तिरप्या घालून वरून फुली दिसेल अशी बांधायला नियमाने मनाई आहे. तरीही फुली मारून उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे फोटो आमच्या सेफ्टीवाल्यांकडे येतच असतात.

त्यामुळे प्रत्येक कंपनीला विचार की रस्त्यावर पाठवण्याआधी यार्डात किती दिवस बांधणी शिकवता, खरी कॉइल, खरा पाइप, खरं लाकूड ठेवून की व्हिडिओ दाखवून. नव्या माणसाला घेऊन फ्लॅटबेड शिकवणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत: डे मॉइनची टीएमसी, आर्कान्सातली मॅव्हरिक, टल्साची मेल्टन. तुझ्या यादीत त्या नाहीत हे मला दिसलं. अर्ज कर असं मी म्हणत नाही, पण त्यांचं प्रशिक्षण कसं चालतं ते वाच आणि तुझ्या तिघींना त्याच मापाने मोज. आमच्यासारख्या लहान कंपन्या नवा ड्रायव्हर सहसा घेत नाहीत, कारण विमावाला परवडू देत नाही. जी लहान कंपनी बिनअनुभवी माणसाला विनाप्रश्न लगेच घेते, तिच्याकडून आधीचे लोक का गेले, ते शोध.

प्रशिक्षकाबरोबर काही आठवडे एकाच केबिनमध्ये राहावं लागेल. मला झोप लागणार नाही, ते तू समजून घे. पण तुझ्यासाठी प्रश्न व्यवहाराचा आहे: रात्री ट्रकमध्येच झोपायचं की हॉटेल देतात? प्रशिक्षक बदलून हवा असेल तर कोणाला फोन करायचा आणि तोवर पगार चालू राहतो का? हे प्रश्न बिचकत विचारू नकोस. आणि जी कंपनी ते ऐकून हसते तिला तिथेच नमस्कार.

ताडपत्रीचं तू विचारलं होतंस, मला उचलेल का म्हणून. लाकडाची मोठी ताडपत्री शंभर पौंडांच्या आसपास भरते. ती खांद्यावर घेऊन चढणारे पुरुष पाठ धरून बसलेले मी पाहिलेत. फोर्कलिफ्टने वर ठेवून घ्यायची आणि वरून उलगडायची, हे शिकलेली बाई त्यांच्यापेक्षा जास्त वर्षं टिकते. मला वजनापेक्षा उंचीची भीती आहे. डेकच जमिनीपासून पाच फूट, त्यावर माल, त्यावर तू, आणि डिसेंबरात लेक मिशिगनवरून येणारा बर्फ. ग्राहकाकडे पडण्यापासून वाचवणारे पट्टे नसतील तर वर चढायचं नाही, अशी कंपनीची लेखी सूचना आहे का ते बघ. काही कंपन्यांकडे कोनेस्टोगा ट्रेलर असतात, पडद्यासारखं सरकणारं आच्छादन असलेले. ताडपत्रीचे पैसे बुडतात, पाठ वाचते.

आता जो प्रश्न कोणीच विचारत नाही तो. "मी एखादं लोड नाकारलं तर काय होतं?" बांधणी पटली नाही, वारा आहे, तास संपत आलेत, डोळे मिटतायत. दिवसाला ११ तास चालवणं आणि १४ तासांची खिडकी हे लॉग आपोआप मोजतं, तिथे वाद नाही. वाद असतो तो लोड नेमून देणाऱ्या डिस्पॅचरच्या आवाजात. तुला माहीत असावं म्हणून: नियम मोडायला ड्रायव्हरला भाग पाडणं २०१६ पासून कंपनीलाच नव्हे, माल पाठवणाऱ्याला आणि ब्रोकरलाही बंद आहे. असुरक्षित गाडी चालवायला नकार दिला म्हणून काढून टाकलं तर १८० दिवसांत ओशाकडे, कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याकडे, तक्रार करता येते. कायदा आहे, पण रात्री दोन वाजता ट्रक स्टॉपवर कायदा तुझ्या बाजूला बसलेला नसतो. म्हणून आधीच विचार, आणि उत्तर रिक्रूटरकडून घेऊ नकोस. त्याचं काम तुला आणणं हे आहे. त्या कंपनीच्या दोन ड्रायव्हरांशी बोल, शक्यतो वर्षाच्या आतले. गिरणीच्या रांगेत उभे असतात, वेळच वेळ असतो, आणि हे लोक बोलायला आवडीने बोलतात.

त्याआधी घरबसल्या करायचं काम: प्रत्येक कंपनीचा डीओटी नंबर, म्हणजे वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक, घे आणि एफएमसीएसए या ट्रक-सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या सेफर या वेबपानावर टाक. किती गाड्या, किती ड्रायव्हर, गेल्या २४ महिन्यांत किती अपघात, तपासणीत किती गाड्या जागीच उभ्या केल्या, सगळं फुकट दिसतं, आणि राष्ट्रीय सरासरी शेजारीच दिलेली असते. मी तुझ्या तिघींचं काल रात्री बघितलं. टेक्सासच्या कंपनीचा गाड्या उभ्या करण्याचा आकडा सरासरीच्या बराच वर आहे. तिला यादीतून काढ, सेंट कितीही असोत.

तिच्याच पत्रात "स्वतःच्या ट्रकच्या मालक व्हा" असंही आहे. कंपनीचाच ट्रक, कंपनीचाच हप्ता, कंपनीचंच लोड, आणि डिझेल तुझं. हप्ता दर आठवड्याला आधी कापला जातो, लोड मिळो न मिळो. अशा करारांचा अभ्यास करायला काँग्रेसने नेमायला लावलेल्या गटाने जानेवारी २०२५ मध्ये हे प्रकार बंदच करावेत अशी शिफारस केली. एवढं पुरे, यावर मला अधिक लिहायचं नाही.

घरी किती दिवसांनी येणार, हे तू विचारशीलच. "साधारण शनिवार-रविवार" यातल्या साधारणचा अर्थ विचार.

तर माझं मत ओहायोच्या कंपनीला. टक्केवारीऐवजी पहिल्या वर्षी मैलांवर ठेवाल का, हे त्यांना विचार. काही जण ठेवतात. बांधणीचं शिक्षण तिथे यार्डात आहे, सेफरवरचे आकडे साफ आहेत, सरासरी खेप मध्यम आहे. इंडियानापोलिसची तिसरी कंपनीही मला वाईट वाटत नाही. फक्त शिक्षणाचा खर्च फेडण्याचा तिचा करार नीट वाच: वर्षाच्या आत सोडलंस तर किती भरायचे, आणि त्यांनी काढलं तरी भरायचे का? "काढलं तरी" असेल तर ते वाक्य खोडायला सांग. खोडत नसतील तर ओहायो.

कुठलाही करार आला की आधी मला पाठव. सही नंतर.

तुझी आई

ता. क. आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून की ६० दिवसांनी, हे कोणत्याच पत्रात दिसलं नाही. आमच्या पॉलिसीत तू २६ पूर्ण होईपर्यंत आहेस, तारीख तुला माहीत आहे.