वेरूळची बस उन्हाकडे पाहून निघावी

महोदय,

सुट्ट्यांच्या हंगामात छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या एकदिवसीय स्थलदर्शन बसच्या जाहिराती पाहिल्या, तर यादी साधारण एकच असते : देवगिरी किल्ला, खुलताबाद, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, पाणचक्की आणि बीबी का मकबरा. सहा ठिकाणे आणि नऊ तास. त्यातले अडीच-तीन तास बसमध्ये आणि जेवणात जातात. सकाळीच किल्ला चढून उतरलेल्या प्रवाशाचे पाय वेरूळला पोहोचेपर्यंत संपलेले असतात, आणि तिथल्या कैलास लेण्यासमोर त्याला जेमतेम अर्धा तास मिळतो. हे चित्र बदलायला जादा पैसा लागत नाही. क्रम बदलावा लागतो आणि यादीला कात्री लावावी लागते.

वेरूळची ३४ लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी दर्शनी भागावर डोंगराचीच सावली असते आणि कोरीवकाम सपाट, करडे दिसते. ऊन कलले की तोच दगड उठावदार होतो. दहाव्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा चैत्यगृहात (बौद्ध प्रार्थनागृहात), तर दर्शनी खिडकीतून येणारा उजेड हाच आतला मुख्य दिवा. लाकडी फासळ्यांची नक्कल करून कोरलेले छत त्या उजेडाशिवाय कळतच नाही. म्हणून वेरूळ दुपारी बाराच्या आधी गाठण्यात फारसा अर्थ नाही.

सकाळी ८ ला निघून देवगिरीच्या फक्त पायथ्याचा भाग पाहावा : तटबंदी, हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि पंधराव्या शतकातला चांदमिनार. दीड तास पुरतो. अंधारी (किल्ल्यातला अंधारा भुयारी मार्ग) आणि बालेकिल्ला हा वेगळ्या दिवसाचा, वेगळ्या बुटांचा कार्यक्रम आहे. पुढे घाटात दिल्ली दरवाजाची कमान अरुंद असल्याने सुट्टीच्या दिवशी मोठ्या गाड्या तिथे अडकतात, तेव्हा दहाच्या आत तो ओलांडलेला बरा. मग खुलताबादेत बनी बेगम बाग. बहुतेक बसगाड्या ही बाग वगळतात, याचे नवल वाटते. मधोमध कबर, भोवती चौबागेची, म्हणजे चार भागांत विभागलेल्या बागेची आखणी, बंगाली धाटणीच्या झुकत्या छपरांचे मंडप आणि पन्हळीदार खांब. संध्याकाळी मकबऱ्याची बाग पाहण्याआधी हा लहान नमुना डोळ्यांखालून गेला की मोठा नकाशा आपोआप समजतो. चाळीस मिनिटे द्यावीत.

जेवण पावणेबाराला, वेरूळमध्येच. साडेबाराला आत गेल्यावर आधी फिरत्या बसने उत्तर टोकाची जैन लेणी गाठावीत आणि ३२ व्या लेण्यात आंब्याखाली बसलेली जैन देवी अंबिका व वरच्या मजल्यावरचे रंगांचे अवशेष पाहावेत. मग कैलास, शेवटी दहावे. चौतीस लेणी ‘करून टाकण्या’पेक्षा ही तीन पाहणे कितीतरी चांगले.

कैलासाला सव्वा तास हवाच. लोक आत शिरतात, सरळ जिना चढून गाभारा गाठतात आणि खाली येऊन ‘झाले’ म्हणतात. खरे तर आधी प्रांगण डावीकडून फिरावे. सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद असा हा खड्डा आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत नेऊन तयार झाला. म्हणजे शिखर आधी आणि जोते शेवटी. इथे चुकलेला घाव बदलता येत नाही, हे जोत्याचे हत्ती पाहताना सांगितले तर मुलेही थांबून बघतात. उत्तरेच्या भिंतीवर महाभारत, दक्षिणेच्या भिंतीवर रामायण, आणि त्याच दक्षिण बाजूला कैलास हलवणारा रावण. त्यानंतर वरचा मजला. मंडपाच्या छतावरचे कमळ आणि चार सिंह मात्र डोंगरावरूनच दिसतात. बाजूची पायवाट खुली असेल तर दहा मिनिटे त्यासाठी राखावीत.

पावणेचारला निघाले की मकबऱ्यावर तिरके ऊन मिळते. तिथे ‘गरिबांचा ताजमहाल’ हा विनोद सांगण्यात पाच मिनिटे जातात आणि पाहायचे राहून जाते. प्रवेशद्वाराच्या पितळी पत्र्यावर वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत, ती दाखवावीत. संगमरवर मुख्यतः खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर. मधला बराचसा भाग काळ्या दगडावरचा चुन्याचा गिलावा आहे. तो ओल धरतो, काळवंडतो, सुटतो. म्हणूनच इथे दुरुस्ती सतत लागते. कबर खालच्या पातळीवर आहे, ती वरच्या जाळीतून वाकून पाहावी लागते, आणि पन्नास जणांचा घोळका एकदम गेला की कोणालाच दिसत नाही.

गर्दीचेच बोलायचे तर एका मार्गदर्शकामागे पंचवीसहून जास्त माणसे नकोत. पूर्ण बस भरली असेल तर दोन मार्गदर्शक घेऊन दोन गट उलट क्रमाने फिरवावेत. तिकिटे आदल्या रात्री ऑनलाइन काढली की प्रत्येक फाटकावरची पंधरा-वीस मिनिटे वाचतात. पाणचक्की दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावी. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, हे पाहायला सवड लागते.

आणि वार तपासावा. वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठा सोमवारी. शनिवार-रविवार मुक्काम करून सोमवारी अजिंठ्याला जाण्याचा बेत छापलेली पत्रके दरवर्षी दिसतात.

— वारसास्थळांचे काही मार्गदर्शक, छत्रपती संभाजीनगर